पूजेत न मांडलेलं उलथनं

बातमी इराने दिली. सकाळी चहा गाळत होते, तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच बोलली, आणि मग इंग्रजीत, "शी सेड, डोन्ट स्क्रॅच द कार." म्हणजे शनिवारच्या शर्यतीतून गाडीचं नाव मागे घ्यायचं नाही, हा मंजिरीचा शेवटचा निरोप. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीसाठी एक शब्द ठेवला नव्हता बाईने. मला रडू यायच्या आधी रागच आला. मग हसू आलं, आणि मग मात्र गाळणं हातात तसंच राहिलं.

आम्ही दोघी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात एकाच सुमारास आलो. मी युनिव्हर्सिटीत शिकवायला आणि ती धान्याच्या कोठारांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून. मूळची चिंचवडची. नवरा लवकर गेला, इराला तिने एकटीने वाढवलं. इरा शिकून मेलबर्नला गेली, ग्लेन वेव्हर्लीत स्थिरावली, आणि इकडे आईने डॅरन नावाच्या गहू पिकवणाऱ्या शेजाऱ्याबरोबर स्पीडवेची टीम काढली. तो गाडी चालवणार, ही गाडी चालती ठेवणार. स्पीडवे म्हणजे मातीचा गोल ट्रॅक, पाणी मारून ओला केलेला, आणि त्यावर काचा-सीटा काढून टाकलेल्या जुन्या गाड्या आडव्या घसरवत पळवतात. आधीच्या फेऱ्यांत गुण मिळवायचे, ते पुरले तरच फायनल. प्रत्येक फेरीनंतर चाकांत चिकणमाती गच्च बसते. ती खरवडली नाही, तर पुढच्या फेरीत गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. त्या कामासाठी मंजिरीने घरचं लोखंडी उलथनं आणलं होतं. थालीपीठ सुटतं त्याने, मग माती का नाही सुटणार, म्हणायची.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हे पटत नसे. एका हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणालंच, "मंजिरी, या वयात?" ती शांतपणे म्हणाली, "मग कोणत्या वयात करायला हवं होतं? तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला असतात." नंतर त्याच बाईंच्या मुलाची बंद पडलेली गाडी हिनेच दुरुस्त करून दिली, तीही फुकट आणि वर दोन शब्द सुनावून.

गेल्या सप्टेंबरात तिचा आजार परत आला. डॉक्टरांनी औषधं दिली, आशा फारशी दिली नाही. इराने आईला घेऊन जायचं ठरवलंच होतं. मोठी हॉस्पिटलं, वेगळी खोली, मदतीला बाई, सगळी तयारी केली होती पोरीने. मंजिरीने तिच्याकडून फक्त ऑक्टोबर मागून घेतला. सीझनचा तो पहिला महिना. या महिन्यात गाडी एकदा तरी फायनलला गेली तर मी माझ्या घरीच राहणार, नाही गेली तर मुकाट्याने तुझ्याकडे येते, अशी पैज तिने लेकीशी लावली. आमची गाडी तोवर कधीही फायनलला गेली नव्हती, हे इराला ठाऊक होतं. म्हणूनच ती हो म्हणाली असावी.

पहिल्या शनिवारी डॅरन सुरुवातीच्या फेरीत चक्क पहिला आला. आम्ही दोघी म्हाताऱ्या कुंपणाला धरून नाचलो. दुसऱ्या फेरीत त्याने गाडी भिंतीवर घातली, रेडिएटर फुटला, खेळ खलास. "सॉरी, मॅन्ज," तो म्हणाला, तर ही म्हणाली, नो वरीज, भिंत आधीपासून तिथेच होती.

पुढच्या शनिवारी खंडेनवमी होती. मंजिरी दरवर्षी गॅरेजमध्ये हत्यारं मांडायची. पाने, जॅक, हातोड्या, सगळं पुसून पाटावर, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, ही तिच्या वडिलांची शिस्त. शिस्तीप्रमाणे सकाळी पूजा झाली, नमस्कार झाला, आणि आम्ही गाडी ट्रेलरवर चढवून निघालो. ट्रॅकवर पोचल्यावर डॅरनने हत्यारांची पेटी उघडली... आत काही नाही. सगळी हत्यारं घरी, पाटावर, फुलं डोक्यावर घेऊन बसलेली. पेटीत एकटं उलथनं होतं, कारण स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून त्याला पूजेत कोणी धरलंच नव्हतं. डॅरन आळीपाळीने पेटीकडे आणि आमच्याकडे बघत राहिला. "दे आर रेस्टिंग," मंजिरी म्हणाली. पुढच्या चाकाचा बोल्ट सैल झाला होता. शेजारच्यांकडून पाना मागून आणेपर्यंत आमची फेरी निघून गेली.

परतताना इराचा फोन आला. झालेला प्रकार ऐकून ती आधी हसली आणि मग रडायला लागली. म्हणाली, "कम होम, आई, तुझी मला नीट काळजी घेऊ दे." मंजिरी म्हणाली, "इरा, आज माझी सगळी हत्यारं पूजेत होती आणि एकही कामाला आलं नाही. मला तिकडे नेऊन पाटावर मांडू नकोस गं."

तिसऱ्या शनिवारी वादळ आलं आणि ट्रॅकचं तळं झालं. राहिला शेवटचा. त्या दिवशी इरा स्वतः आली, आईला न्यायला रिकामी बॅग घेऊन. पांढरे कोरे बूट घालून पिटमध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधे गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, उभी होती. त्या दिवशी डॅरन जीव तोडून चालवत होता, आणि मंजिरी औषधाने सुजलेल्या हातांनी प्रत्येक फेरीनंतर चाकं खरवडत होती. कोणी उलथनं मागितलं तर देत नव्हती. शेवटी लाउडस्पीकरवर फायनलच्या गाड्या सांगितल्या. आम्ही एका जागेने हुकलो.

"यू लॉस्ट, आई," इरा हळूच म्हणाली.

"हरले. म्हणून काय झालं?" मंजिरी म्हणाली, आणि पुन्हा चाकाशी बसली.

आता कुठली फेरी उरली आहे, असं मीच विचारलं. "पुढच्या शनिवारची," तिने मान वर न करता सांगितलं. "माती आत्ता काढली नाही तर उद्या दगड होते." एवढं बोलून तिला धाप लागली, उलथनं टेकवून ती तशीच बसून राहिली. इरा त्या कोऱ्या बुटांसकट चिखलात उतरली, आईच्या हातातून उलथनं घेतलं आणि म्हणाली, "आतल्या बाजूचं कसं काढायचं?"

पैज मंजिरी हरली, पण मेलबर्नला गेली मात्र नाही. इराच इथे राहिली, लॅपटॉप घेऊन. जानेवारीत गाडी एकदाची फायनलला गेली आणि शेवटून पहिली आली. मंजिरीने अख्ख्या पिटला पेढे वाटले. मार्चमध्ये ती तिच्या घरात, तिच्या खोलीत गेली, खिडकीतून गॅरेज दिसतं त्या खोलीत. लोक मला म्हणतात, मेलबर्नला गेली असती तर आणखी जगली असती. जगली असती कदाचित. मी त्यांना विचारते, काय करत?

ती गेली त्या आठवड्यातल्या शनिवारी गाडी धावली. पुढच्या शुक्रवारी मंडळाने शोकसभा ठेवली, तेव्हा कोणीतरी सुचवलं की तिच्या फोटोपुढे ते उलथनं ठेवू, हार घालून. भल्या मनानेच सुचवलं होतं. इरा उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी, ते देता येणार नाही. उद्या लागणार आहे."

आता ते डॅरनच्या यूटमध्ये, त्याच्या उघड्या पिकअपमध्ये, सीटखाली असतं, दांड्यापर्यंत मातीने भरलेलं. येत्या खंडेनवमीला आम्ही गॅरेजमध्ये पाने मांडू, जॅक मांडू, फुलं वाहू. उलथनं मांडणार नाही.