तिसरी चौकट
पुण्यातल्या खोलीत गावच्या तांदळाची पेज उकळली, की भंडाऱ्याचं ते छोटं ऑफिस आठवतं. नववीत शाळा सुटलेली मी तिथं वेबपानं बांधायला शिकत होते. ठरलेल्या रुंदीत तीन चौकटी शेजारी बसवायच्या होत्या. तिसरी सारखी खाली घसरायची. संध्याकाळपर्यंत जमलं नसतं तर शिकणं सोडून गावी, सानगडीला परत जावं लागलं असतं. शिकवणारी ताई जवळ आली. “काहून रडून राहिली वं? धान रोवताना चालाले जागा सोडता नं? ते बांधीतच धरता का बाहेर?” “बांधीतच तं, शेताच्या आतच!” म्हणता म्हणता उमगलं, चौकटींमधल्या फटी मी मोजल्याच नव्हत्या. फटींपुरत्या चौकटी अरुंद केल्या आणि तिसरी वर येऊन बसली. नवं काम आलं की अजूनही भीती वाटते. मग मी आधी चालायला जागा सोडते.