मालकांची डबी भरताना

मी तेरा वर्षं एकाच माणसाची गाडी चालवली. तलवाड्याच्या बाजूला त्यांची शेती, आणि आसपासच्या पाच-सात गावांत त्यांचा शब्द चालायचा. कुणी बांध कोरला, कुणाच्या सोयरिकीत बिनसलं, की लोक मालकांकडे यायचे. माईक-बिईक काही नको. देवळासमोर उभे राहिले की पार मागच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जायचं. निवडणूक आली की कडा गावापासून परळीपर्यंत लोक त्यांना भाषणाला न्यायचे. या माणसाची सगळी पुण्याई त्याच्या गळ्यात होती, आणि तो गळा बसत चालला तेव्हा सगळ्यात आधी मला कळलं. मी बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला उगाच भला माणूस समजाल.

कामाला लागलो तेव्हा मीही सिगारेट ओढायचो. टपरीवर एक सुटी घ्यायची, तिथंच पेटवायची. टपरीवाला मागं हात घालून एक काढून द्यायचा. पाकिटावर काय छापलंय ते बघायची वेळच कधी आली नाही.

मालक मात्र पाकीट घ्यायचे. एकदा दोन भावांच्या वाटणीची बैठक चालली होती. धाकट्याला निवाडा पटला नाही. त्यानं मालकांपुढं पडलेल्या पाकिटाकडं बोट केलं आणि म्हणाला, "मालक, आमचं मिटवा, पण आदी ह्याच्यावरचं चित्र तर बघा. असला गळा घेऊन किती दिवस न्याय करता?" लोक हसले. मालकही हसले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा होता की मी गाण्याचा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक चपटी स्टीलची डबी दिली. म्हणाले, "रोज सकाळी पाकिटं फोडून हिच्यात भरायच्या. ते चित्र माझ्या नजरंला पडलं न्हाई पायजे."

झालं, ते काम माझ्या मागं लागलं. सकाळी गाडी पुसली की बॉनेटवर दोन पाकिटं ठेवायची, वीस सिगारेटी डबीत रचायच्या आणि रिकामी पाकिटं लांब नेऊन जाळायची. चित्रावर एका माणसाचा गळा होता, फुटलेला, आतलं मांस दिसणारा. बाजूला लिहिलेलं मी कधी वाचलं नाही. पण चित्र वाचावं लागत नाही हो. पाकीट धरायचं तर अंगठा बरोबर त्या जखमेवरच यायचा. सुरुवातीला किळस यायची, मग सवय झाली, आणि सवय झाली असं वाटत असतानाच एका सकाळी चहासोबत मी माझी पेटवली आणि ती ओठाला लावता येईना. टाकून दिली. दुपारी पुन्हा तेच. माझ्यात मोठा निर्धार वगैरे काही नव्हता. घाबरलो होतो, बस्स. बायकोला सांगितलं, पित्त झालंय म्हणून सोडली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वीस मोजून मालकांच्या डबीत भरल्या. तीन वर्षं भरल्या. स्वतःचा इतका राग मला दुसऱ्या कशावरून आला नसेल.

मग त्यांचा आवाज बसला. लग्नसराई होती, सगळे म्हणाले दगदग झाली. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. महिना गेला, दुसरा गेला. गाडीत ते खाकरायचे आणि मी आरशातून त्यांच्या गळ्याकडं बघायचो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. रोज त्यांनी डबीसाठी हात पुढं केला की मी डबी द्यायचो. तिसऱ्या महिन्यात देवळासमोर बोलताना त्यांचा आवाज मध्येच तुटला. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. लोक खाली बघू लागले. त्या दिवशी ते डॉक्टरकडं जायला कबूल झाले.

मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "तू गाडीत बसून ऱ्हाऊ नकोस. आत जा त्यांच्यासंगं. ते खरं सांगायचे न्हाईत."

बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून असा आहे?"

"झाले असतील आठ-पंधरा दिवस."

"सिगारेट?"

"चार-पाच. कवातरी."

डॉक्टर लिहायला लागले. मी दाराशी उभा होतो. तेरा वर्षांत मी चारचौघांत मालकांचा शब्द एकदाही खोडला नव्हता. खोडणाऱ्याचं काय होतं तेही मी पाहिलं होतं. पण डॉक्टरांचं पेन चाललं होतं, आणि ते खोटंच लिहीत होतं.

"तीन महिने झाले साहेब," मी म्हणालो. "आन् दिवसाला वीस. मीच भरतो."

मालकांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "भाईर जा बे," एवढंच म्हणाले. आवाज कसला, नुसता वारा.

तसेच घरी आलो. मला वाटलं, गेली नोकरी. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी मागितली नाही, आणि किल्लीही परत मागितली नाही. पुढं संभाजीनगरला गळ्यातला तुकडा काढून तपासला. रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मीच गाडी घेऊन निघालो. मालक पुढं माझ्या शेजारी, मालकीणबाई मागं. गेवराई सोडली. उद्यापासून मालकांना बोलता येणार नाही हे तिघांनाही माहीत, त्यामुळं काय बोलावं तेच सुचेना. शहागडच्या पुलावर आलो तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. मी गाडी हळू केली.

"तू कवा सोडली?"

"तीन वरसं झाली, मालक."

"कावून?"

"पाकिटं फोडून फोडून. ते चित्र बघवंना."

पूल संपला. त्यांनी जोर लावून विचारलं, "मंग मला कावून सांगितलं न्हाईस?"

तुम्हीच म्हणाला होता चित्र दाखवू नको, असं मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण मागं मालकीणबाई बसल्या होत्या, आणि मला ती पळवाट घ्यायची लाज वाटली.

"नोकरी गेली असती, मालक."



"गेली असती," ते म्हणाले. "त्याच दिशी काढलं असतं तुला."

पाचोड मागं पडलं, आडूळ मागं पडलं. त्यांच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑपरेशनला आत नेलं.