कोपऱ्यातलं न दिसणारं नाव

दुसऱ्याच्या मेहनतीवर स्वतःचं नाव खपवणाऱ्याला तुम्ही काय म्हणता? आम्ही चोर म्हणतो. कार्डवाल्या मावशींनी हाताने केलेली शुभेच्छापत्रं दुकानदार स्वतःची म्हणून विकायचा. मग मावशींनी एक युक्ती केली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात त्यांनी बिनरंगी शाईने आपल्या नावाचा रबरी शिक्का मारला, वर पारदर्शक पावडर भुरभुरली आणि ओल्या अक्षरांना चिकटली तेवढी गरम हवेने वितळवली. पांढऱ्या कागदावर सहज काही दिसेना.

प्रदर्शनात दुकानदार मिरवत होता, "सगळी माझ्या हातची!"

"हात दाखवून अवलक्षण केलंस!" म्हणत मावशींनी कोपऱ्यावर निळी शाई फासली. वितळलेल्या पावडरीवर शाई धरेना. पांढरं नाव लख्ख उमटलं.

"मावशी, घरातलं घरात मिटवू ना!" दुकानदार गयावया करू लागला.

"घर कुणाचं रे, मेल्या?"

तुमच्याकडे त्याच्या दुकानातलं कार्ड असेल, तर कोपऱ्यावर शाई फिरवा आणि मावशींचं नाव उमटलं, तर पुरावा म्हणून आम्हा शेजाऱ्यांकडे आणून द्या.