विहारापुढचा चाफा

गायकवाड बाईंना "नाही" हे उत्तर ऐकूच येत नसे. शाळेची कौलं बदलून मिळावीत म्हणून त्या पंचायतीत इतक्या वेळा गेल्या, की त्यांना पाहताच तिथला शिपाई आपणहून चहा सांगायचा. शेवटी कौलं आली. पोलादपूरजवळच्या त्या दोनशिक्षकी शाळेत मी अकरा वर्षं त्यांच्याबरोबर काढली, आणि एकदाही त्यांच्याशी वाद जिंकले नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत बाई वाडीतल्या बायकांबरोबर श्रीलंकेला जाऊन आल्या. बाकीच्यांनी मसाले आणले, बाईंनी हट्ट आणला. तिथं बुद्धमूर्तीपुढे पांढऱ्या चाफ्याची रास असते, तशी आपल्या वाडीतल्या विहारातही रोज हवी, आणि तीही आपल्या हातानं लावलेल्या झाडाची.

त्यांच्या सासूबाई जनाबाईंनी कपाळाला हात लावला. "चाफा मसणात लावतात गो. विहारात कसला लावतेस?"

"आई, बुद्धाला मसणाचं भय नव्हतं," बाई म्हणाल्या आणि कुदळ घेऊन निघाल्या.

पहिली फांदी कुजली. दुसरीही कुजली, कारण बाई तिला सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर शेणखत द्यायच्या. मला हसू आलं. "हसा. मी तिसरी लावणार," म्हणाल्या, आणि पुढच्याच शनिवारी मला घेऊन महाडला कबरस्तानाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. आत चाफेच चाफे. तिथली राखण करणाऱ्या हुसेनचाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी त्याचे लाड करता. लाड केलेत का कुजतो."

त्यांनी हातभर लांबीची, साल करडी झालेली फांदी कापून दिली. चीक वाळू द्या, म्हणाले, पंधरा दिवस सावलीत नुसती पडू दे. मग जांभ्याच्या चुऱ्यात वाळू मिसळून, पाणी साचणार नाही अशा उतारावर लावा. पान फुटेपर्यंत पाणी द्यायचं नाय. भर उन्हाळ्यात लावलीत तर पावसाच्या आधी मूळ धरील.

पाणी न घालणं बाईंना फार जड गेलं. रोज तांब्या भरून घेऊन जायच्या आणि तसाच भरलेला परत आणायच्या. पण फांदीला पान फुटलं. फांदी कुठून आणली हे त्यांनी वाडीत कुणापासून लपवलं नाही.

दोन वर्षांत झाड कमरेएवढं झालं. त्याच हिवाळ्यात जनाबाईंचे दीर वारले. जनाबाईंनी कुणाला न विचारता झाड मुळासकट उपटलं आणि फेकून दिलं. कुठं, ते सांगायलाही तयार नव्हत्या. बाई त्या दिवशी वर्गात आल्या, सगळे पाढे म्हणवून घेतले आणि मधल्या सुट्टीत मला एवढंच म्हणाल्या, "उन्हाळा येऊ दे. चाचांकडे परत जाऊ."

जावं लागलं नाही. शिमग्याच्या सुमारास जनाबाई तेच झाड खांद्यावर घेऊन शाळेच्या पडवीत आल्या. मुळं वाळलेली, पान एक नाही, आणि शेंड्याला पाच-सहा पांढरी फुलं.

"वरच्या कातळावर टाकलेला मी," त्या म्हणाल्या. "माती नाय, पानी नाय, तरी फुललाय. माजं चुकलं गो. लाव तू."

पोरं बघत होती. बाई म्हणाल्या, "तुम्हीच लावा, आई." आणि त्यांच्याकडून लावून घेतलाच.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. पनवेलला मुलाकडे नातवंड आलं होतं, दोघींनी तिकडे राहायला जायचं ठरलं. टेम्पोत सामान चढलं, तरी जनाबाई चाफ्याखालच्या दगडावरून उठेनात. आपला धाकटा मुलगा शेजारीच राहतो, त्याच्याकडे भाकर खाईन म्हणाल्या. "मी आलू तर हितं फुलं कोन ठेवील?"

बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं. मग त्यांच्या पायांशी वाकल्या आणि वाकलेल्याच रडू लागल्या. अकरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, मलाही आवरेना.

जनाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडतेस कशाला? झाड तुजंच हाय. मी नुसती राखते."