सैल झबलं

तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. नव्या सॉफ्टवेअर कंपनीने नवऱ्याला अमेरिकेला धाडलेलं, आई पुण्यात बाबांच्या मोडलेल्या पायापाशी अडकलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मूल मोठं दिसतंय, रोज चाला." म्हणून या परक्या शहरात, चिक्कडपल्लीच्या गल्लीत मी एकटीच फेऱ्या मारायचे.

तिथे एका जिन्याखाली एक म्हातारी शिलाई मशीन घेऊन बसायची. शेजारणी मला नामपल्लीची गाडी लेट झाल्यासारखं विचारायच्या, "अजून नाही?" ही काहीच विचारायची नाही. मी दिसले की तळव्याने चाक थांबवायची, पोटाकडे बघायची आणि पुन्हा मशीन चालू करायची.

त्या दिवशी मीच थांबले. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्यात बाळाला आधी घरातल्या कुणाचं तरी जुनं घालतात, आणि इथे जुनं मागावं असं माझं कुणी नाही. मग एकदम बोलून गेले, "बच्चा बहुत बडा है बोले. डर लगता."

"डरो नक्को बेटा. बच्चा बडा नहीं रहता, झबला छोटा रहता. मैं बडाच सीतूं."

खुंटीवरची स्वतःची विटकी ओढणी काढून तिने वितीने मापली आणि कात्री लावली.

तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. नर्सने कपडे मागितले. "घरचं आहे," म्हणत मी ते झबलं पुढे केलं.

चार किलोंच्या माझ्या लेकीला ते सैल झालं.