बोथट सुरीचे दोन दिवस

माझी थोरली बहीण बारा वर्षं एकाच टेबलाशी उभी आहे. चिरलेल्या भाज्यांची पाकिटं करणाऱ्या कारखान्यात ती सॅलडची पानं चिरते आणि काचेपलीकडच्या खोलीत मी पाकिटं बंद करते. तिची खोली फ्रीजसारखी गार. बाहेर उघडणारी खिडकी एकही नाही, दिवस कुठवर आला ते घड्याळाला विचारायचं.

ताईचा हात साऱ्या कारखान्यात नावाजलेला. पान न दाबता एका ओढीत कापते, त्यामुळे तिची पाकिटं आठवडाभर हिरवी राहतात. शेजारच्या टेबलावरची, सगळे जिला ठेंगणी म्हणतात ती, मात्र पानांवर मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखी तुटून पडते. तिच्या पानांच्या कडा तिसऱ्या दिवशी तपकिरी.

असं का होतं, ते प्रयोगशाळेतल्या बाईंनी एकदा आम्हाला समजावलं होतं. भाजी तोडली, चिरली, तरी जिवंतच असते. सुरी लागली की ती जोरजोरात श्वास घेऊ लागते, जखमेची खबर शेजारच्या धडधाकट पेशींना देते. त्या पेशी बचावासाठी रसायनं तयार करतात आणि चिरलेल्या कडेला हवा लागली की तीच रसायनं तपकिरी होतात. पान चेंगरलं तर ही बोंब आणखी लांब जाते. गारठ्यात मात्र सगळं मंदावतं. "मरत नाही, पण फार काही करूही शकत नाही," असं बाई म्हणाल्या. ताई त्यावर जरा जास्तच हसली होती.

गेल्या वर्षापासून तिची बोटं पांढरी पडू लागली. अंगठ्याजवळची एक चीर तर महिना झाला तरी मिटेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गारठा सोडा, नाहीतर बोटं हातची जातील.

कारखान्यात ऊबदार जागा एकच, मागचं बटाट्याचं गोदाम. काढताना खरचटलेले बटाटे तिथे दोन आठवडे उबेत ठेवतात, मग जखमेवर बुचासारखी नवी साल धरते. थंडीत ती धरत नाही. तिथे एक बाई हवी होती, म्हणून ताईने अर्ज दिला. असा हात गेला तर मी काय करू, असं म्हणून साहेबांनी तो हसत परत केला. कौतुक करून माणसाला दावणीला बांधता येतं, हे मला तेव्हा कळलं. फार राग आला होता मला.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ताईने मागच्या पायरीच्या दगडावर सुरी घासघासून बोथट केली. नोकरीच गेली म्हणजे, असं मी विचारलं.

"हात बिघडला म्हटल्यावर गोदामातच टाकतील गं," ती म्हणाली. "बिघडलेल्यांना तिथेच टाकतात."

दोन दिवस तिने पानं चेंगरली. माझ्याकडे येणारी ती पानं मला बघवत नव्हती. आमच्याकडे प्रत्येक टेबलाचं एकेक पाकीट नंबर घालून बाजूला ठेवतात, किती दिवस टिकतं ते बघायला. तिसऱ्या दिवशी ताईच्या पाकिटातली कड न् कड तपकिरी झाली होती. साहेबांचं बोलावणं आलं तेव्हा ती केस नीट करून गेली, जणू बक्षीस घ्यायला. मी दाराशी उभी राहिले.

साहेबांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि चक्क माफी मागितली. तुमच्या हातात असली सुरी पडली, चूक आमचीच, म्हणाले.

"सुरी मीच घासली, साहेब. मुद्दाम."

साहेब हसले. "बारा वर्षं बघतोय तुम्हाला. कुणाला पाठीशी घालताय? ठेंगणीनेच सुरी बदलली असणार."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. ताईला नवी कोरी सुरी मिळाली. ठेंगणीचा इथे काही उपयोग नाही, म्हणून तिची रवानगी बटाट्यांकडे झाली. शिक्षा झाली म्हणून ती बिचारी रडत गेली.

दुसऱ्या दिवशी मी काचेतून बघत होते. मला वाटलं, ताई याही सुरीची वाट लावेल. पण पानांवर सुरी टेकली आणि हात आपसूक ओढत गेला, एकही कड न चेंगरता.

संध्याकाळी बसची वाट बघताना तिने बोटं माझ्या मुठीत दिली. ती इतकी गार होती की मला रडूच आलं.

"सुरी मात्र छान आहे गं," ताई म्हणाली.