पूर्वेकडचं तारेचं कुंपण

तपासणीचं विमान पूर्वेकडून तिसऱ्यांदा गेलं आणि विमान खात्याच्या साहेबांनी वॉकी-टॉकी टेबलावर आपटला. "नीडल हलतेय. ईस्ट साइड फेल."

"मग मी काय करू?"

"अहो कॉन्ट्रॅक्टर, साइट क्लिअर ठेवणं तुमच्या मेंटेनन्समध्ये येतं. विमान पुढच्या आठवड्यात परत येतंय. तेव्हाही फेल झालं तर स्टेशन बंद, तुमचं कॉन्ट्रॅक्टही बंद."

इतकी वर्षं मी हे स्टेशन सांभाळतोय. माझं नाव अजून 'अहो कॉन्ट्रॅक्टर'च आहे.

तलासरीच्या पूर्वेला एका माळावर हे व्हीओआर स्टेशन आहे. ते चारी बाजूंना रेडिओ लहरी सोडतं. त्यावरून विमानातला काटा दाखवतो की आपण स्टेशनच्या कुठल्या दिशेला आहोत. आता उपग्रह आले. पण त्यांचा सिग्नल गडबडला तर पायलटला जमिनीवरचं हेच उरतं. जवळपास धातूची लांब तार असली की लहरी तिच्यावर आपटून परततात आणि काटा भरकटतो.

पूर्वेच्या उतारावर रखमीबाईचं नागलीचं शेत. त्याला नवंकोरं तारेचं कुंपण होतं. मी गेलो.

"मावशी, ही तार काढायची."

"का?"

"विमान चुकतंय."

"माझ्या शेतातून कुठं जातंय विमान?"

मी लहरी समजावल्या. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरं तर जातात ना. तार काढली की नागली संपली. वर्षभर खायचं काय, लहरी?"

"मी बांबूचा कूड घालून देतो."

"पाड्यावरचे रेडे बघितलेत का, शेठ? कुडाला टेकले तरी कूड आडवा."

माझा आवाज चढला. सरकारी काम आहे, पोलीस येतील, वगैरे बोललो.

"ओरडू नका. गुरं बिथरतात." ती शांतपणे तण उपटत राहिली. "आधी गुरं ओहोळावर तुमच्या स्टेशनच्या कोपऱ्यावरून जायची. तुम्ही भिंत घातली. आता माझ्या शेतातून जातात. तार काय मी हौसेने लावली?"

तिचं खरं होतं. स्टेशनभोवतीची ती भिंत मीच बांधलेली. पण नकाशा साहेबांच्या खात्याचा होता. गुरांची वाट कोपऱ्यातून जाते, कोपरा तिरका घेऊ, हे मी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "तुम्ही बांधा, डिझाइन करू नका."

साहेबांना फोन लावला. "कोपरा तोडून भिंत तिरकी घेतो. वाट बाहेर राहील, गुरं बाहेर राहतील."

"तोंडी हो म्हणतो."

"लेखी द्या."

"लेखी नाही देता येत."

"मग नाही म्हणताय?"

"नाही असंही म्हणत नाही."

मी फोन कापला. आतून तिरकी भिंत चढवली. जुना कोपरा पाडायचा तेवढा राहिला. रखमीबाई बघायला आली.

"आधी तार काढा," मी म्हणालो.

"आधी कोपरा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"भिंत तुम्हीच घातली होती ना?"

शेवटी सौदा ठरला. माझ्या गवंड्याने विटांचा एक थर उतरवायचा, की तिच्या मुलाने तारेचा एक खांब मोकळा करायचा. मग पुढचा थर. ती बांधावर बसून दोन्हीकडे बघत होती, मीही. कुणी एक वीट पुढे जाऊ दिली नाही. दुपार टळेपर्यंत कोपरा गेला आणि तारेची वेटोळी तिच्या ओट्यावर पोचली. संध्याकाळी गुरं जुन्या वाटेने ओहोळावर गेली. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात विमान आलं. पूर्वेकडून गेलं, परत फिरलं, पुन्हा गेलं. काटा जागचा हलला नाही. साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं की "आम्ही" दोष शोधून काढला.

मला पत्र आलं. मंजूर नकाशात नसलेला तिरकेपणा भिंतीत कसा आला, याचा खुलासा करावा. मी लिहिलं, भिंत सरळ करायची असेल तर आधी रखमीबाईंशी बोलून घ्यावं. त्यावर कुणाचं उत्तर नाही.

आता कुठेही भिंत घालायची असली की मी आधी एक संध्याकाळ तिथे बसतो आणि गुरं कुठून जातात ते बघतो. टेंडरमध्ये या कामाला रकाना नाही.